वीस लिटरची वई

१९ जानेवारी २०२३ रोजी जोगेश्वरीच्या दोन्ही अंगांना एकाच दिवशी मेट्रो आली. पूर्वेला द्रुतगती महामार्गावरून ‘मेट्रो ७’, पश्चिमेला लिंक रोडवरून ‘२ अ’. दुसऱ्या दिवशी प्रवासी चढले आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून आपलं उपनगर कसं दिसतं, ते अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. गच्च्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि मधेच एखाद्या घरातला सोफा, भिंतीवरचं कॅलेंडर, पोहे खात बसलेले आजोबा. गाडी पुढे गेली. आजोबांना मात्र दर काही मिनिटांनी नवा डबा आणि नवी माणसं.

मुंबईला हे नवीन नव्हतं. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, तेव्हा मार्गालगतच्या रहिवाशांनी हीच कुरकुर केली होती आणि काही पट्ट्यांत पुलाच्या कडेला नजर अडवणारे पडदे लावावे लागले होते. जोगेश्वरीत आता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ‘मेट्रो ६’चे खांब उभे राहिले आहेत, म्हणजे आणखी काही शे खिडक्यांची भर. शिवाय मेट्रो नसली तरी समोरचा टॉवर असतोच. पुनर्विकासात चार मजल्यांच्या जागी वीस मजले उठतात आणि मधली मोकळी जागा कधी कधी इतकी अरुंद राहते, की समोरच्यांच्या टीव्हीवर कोणती मालिका चालू आहे ते आवाजाशिवाय कळतं.

यावर घरोघरी सापडलेला पहिला उपाय म्हणजे पडदा. पडदा ओढला की नजर अडते, पण वाराही अडतो, आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसावं लागतं. दुसरा उपाय हिरव्या जाळीचा. ती स्वस्त असते, पण त्या घरात बसलं की बांधकामाच्या परांचीमागे राहत असल्यासारखं वाटतं. तिसरा उपाय गेल्या काही वर्षांत फार फोफावला आहे: प्लॅस्टिकच्या पानांच्या चटया. केबल टायने ग्रिलला बांधल्या की तासाभरात ‘बाग’ तयार. दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचा हिरवा रंग निळसर होतो, पानं ठिसूळ होऊन खालच्याच्या बाल्कनीत पडू लागतात. आणि हे सांगायलाच हवं की दिवाळीत रॉकेटची ठिणगी पडली तर अशी चटई पेटते, वितळते आणि जळते थेंब खाली गाळते. जिवंत, ओल्या पानाला ठिणगीने फार तर भोक पडतं.

राहिला चौथा उपाय: खरी झुडपं, कुंड्यांतून वाढवलेली. जोगेश्वरी पूर्वेच्या मेघवाडी, बांद्रेकरवाडीकडे कोकणातून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांना कुंपणाचं झाड काय करतं ते सांगावं लागत नाही. गावाकडे घराभोवती वई असते, कुठे शेराची, कुठे कोयनेलची, कुठे नुसत्या काट्याकुट्यांची. ती गुरं अडवते आणि रस्त्यावरची नजरही. फरक इतकाच, की गावच्या वईखाली अख्खी जमीन असते. इथे तिला तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबच्या टोकाला, बादलीत उभं राहायचं असतं.

म्हणून या विषयात आधी विचार करायचा तो वजनाचा. झाड कोणतं आणि पैसे किती, हे त्यानंतर. रोपवाटिकेत नेमकं उलट घडतं. गिऱ्हाईक झाड पसंत करतं, मग त्याला शोभेल अशी जाडजूड कुंडी, आणि घरी आल्यावर ती उचलायला वॉचमनला हाक मारावी लागते.

थोडं गणित करू. दोनशे लिटरचं निळं पिंप आडवं कापलं की शंभर लिटरच्या दोन कुंड्या होतात. भंगारवाल्याकडे ही पिंपं सहज मिळतात, त्यामुळे ‘स्वस्तातली बाग’ म्हटलं की लोक आधी तिकडेच वळतात. पण एक लिटर ओली माती साधारण पावणेदोन किलो भरते. म्हणजे अर्धं पिंप पाऊण-एक क्विंटलवर नव्हे, पावणेदोन क्विंटलवर जातं, आणि ते सगळं पाव चौरस मीटर जागेवर टेकतं. भारतीय मानक ८७५च्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि बाल्कनीसाठी सुमारे ३०० किलो भार धरला आहे. त्यात माणसं, फर्निचर, पाहुणे सगळं आलं. अशी तीन पिंपं रेलिंगशी ओळीने ठेवली तर अर्ध्या टनाहून जास्त वजन बाल्कनीच्या टोकाला कायमचं लटकतं, आणि पुढे निघालेल्या स्लॅबला टोकाचं वजनच सर्वांत जड जातं. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर हा खेळ नकोच. कायद्याने अशा इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, ती काही गंमत म्हणून नाही.

खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलची गोष्ट तर वेगळीच. ती इमारतीचा भाग नसते. भिंतीत ठोकलेल्या चार-सहा बोल्टांवर तोललेली असते, आणि ते बोल्ट पावसाळ्यागणिक गंजत असतात. तरी मुंबईत सर्वांत जास्त कुंड्या ठेवल्या जातात त्या तिथेच. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ शहराजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. अशा वाऱ्यात पाच फुटी झुडूप शिडासारखं काम करतं आणि ग्रिलच्या कडेवर ठेवलेली कुंडी खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर येऊ शकते. कठड्यावर आणि ग्रिलच्या काठावर उंच झाड ठेवू नये, यावर तडजोड नाही.

या शहरात फुलझाडांच्या जागेची एक मजेदार कहाणी आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत खिडकीखालचे ‘फ्लॉवर बेड’ चटईक्षेत्रातून मोकळे ठेवले होते. नकाशावर फुलांचे वाफे इतके झाले की मुंबईचं नंदनवन व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात बिल्डरांनी ते खोलीच्या भावात विकले, आणि घेणाऱ्यांनी विटा भरून, लादी टाकून ते खोलीत ओढले. तत्कालीन महापालिका आयुक्त सुबोध कुमार यांच्या पुढाकाराने ६ जानेवारी २०१२ला नियम बदलला. फ्लॉवर बेड, बाल्कनी, कोनाडे सगळं चटईक्षेत्रात मोजलं जाऊ लागलं आणि त्याबदल्यात ३५ टक्क्यांपर्यंत जादा चटईक्षेत्र (‘फंजिबल एफएसआय’) मिळालं. त्यानंतर वाफे नकाशावरूनही गेले. जोगेश्वरीत त्याआधीच्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत ते अजून आहेत, बहुधा एखाद्या दिवाणाखाली गाडलेले. ज्यांचे शाबूत आहेत त्यांनी ते मातीने काठोकाठ भरू नयेत. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, आणि त्यानंतरचा पत्रव्यवहार सोसायटीच्या इतिहासात कायमचा राहतो.

तर मग हलका आडोसा करायचा कसा? इथे एक साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आपण बाल्कनी झाकायला निघतो. झाकायचं असतं ते आपण बसतो ते ठिकाण. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. मेट्रोचा डबा जवळपास त्याच पातळीवरून जात असेल, तर नजर सरळ आडवी येते आणि अडवायचा पट्टा फक्त साडेतीन ते साडेपाच फुटांमधला उरतो. साडेतीन फुटांपर्यंत कठडा असतोच. म्हणजे झाडाने कठड्याच्या वर दोन फूट दाट राहिलं की पुरे. आठ फुटी बांबूची भिंत कशाला?

आणि झाड कठड्याशीच हवं, असंही नाही. आडोसा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका तो लहान असला तरी चालतो. रेलिंगला पाच कुंड्या लागत असतील, तर खुर्चीपासून दोन-अडीच फुटांवर दोनच भागतात. शिवाय त्या घराच्या भिंतीजवळ, तुळईच्या आसपास येतात आणि स्लॅबवरचा ताण कमी होतो. बाल्कनीही मोकळी राहते. करायचं एवढंच: घरातल्या एकाने नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने मधे झाडू उभा धरून हळूहळू सरकवायचा, आणि समोरची खिडकी झाडूमागे जाते तिथे खडूने खूण करायची. सगळ्यात स्वस्त अवजार हेच.

समोर उंच टॉवर असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथून नजर तिरकी, वरून येते. तिला जमिनीवरचं झुडूप अडवत नाही. तिथे वरून काहीतरी हवं: ग्रिलच्या माथ्यावर चढवलेली मधुमालती, कृष्णकमळ किंवा गुळवेल. वेलीची कुंडी खाली, भिंतीशी राहते आणि वजनही तिथेच राहतं. रात्रीचा नियम तर आणखी वेगळा. दिवसा बाहेर उजेड जास्त असल्यामुळे विरळ पानंही पुरतात. घरात दिवा लागला की त्याच पानांच्या फटींतून आतलं सगळं स्पष्ट दिसतं. तेव्हा पडदा काढून टाकू नये. तो फक्त संध्याकाळी सातनंतर लागेल.

आता भांडं. मुंबईत कुठे ना कुठे रंगकाम चालू असतंच, आणि रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या रंगारी भंगारात घालतात. धुऊन, तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडली की झुडपासाठी याहून चांगली कुंडी नाही. रुंदी फूटभर, कडी असल्यामुळे एका माणसाला उचलता येते, आणि पाच बादल्या ओळीने ठेवल्या की पाच फुटांची वई होते. दिसायला बऱ्या नसतात हे खरं. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात मोडक्या दारांच्या, कपाटांच्या फळ्या शोधल्या तर त्यांच्यापुढे लावायला आडवी पट्टी सापडते.

या बादलीत नुसती लाल माती भरली तर ओलेपणी तीसेक किलो. निम्मा कोकोपीट, तिसरा हिस्सा खत आणि उरलेली माती घेतली तर अठरा-वीस किलो. पाच बादल्यांत साठ किलोंचा फरक. हलक्या मिश्रणाचा हा विचार मुंबईत कुणी परदेशी पुस्तकातून आणलेला नाही. अर्थतज्ज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाची चिपाडं, घरचा ओला कचरा आणि थोडीशी माती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, जुन्या टायरांत भरून भाज्या आणि फळं घेतली. उसाच्या रसाच्या गाडीवरची चिपाडं फुकट मिळतात आणि वजनाला काहीच नसतात, हे त्यांनी हेरलं होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून स्वयंपाकघरातला कचरा जिरवून बाग उभी केली आणि पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’मधून शेकडो मुंबईकरांना ते शिकवलं. त्यांच्या ‘अमृत मिट्टी’त मुख्य भाग वाळक्या पानांचा असतो. या परंपरेच्या मागे कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्रीपाद दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार उभा आहे. ही मंडळी भाजीपाला पिकवत होती, आडोशाचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. पण स्लॅबवर हलकं कसं राहायचं, हे आडोसा करणाऱ्यानेही त्यांच्याकडूनच शिकावं.

खत विकत घ्यायची गरज पडतेच असं नाही. दिवसाला शंभर किलोंहून जास्त ओला कचरा करणाऱ्या किंवा वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी तो आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७च्या ऑक्टोबरपासून धरला. त्यामुळे अनेक मोठ्या सोसायट्यांत खताचे ढीग पडलेले असतात आणि ते न्यायला कुणी येत नाही. मागितलं की मिळतं. बहुधा आभारासकट.

झाड निवडताना खिडकी कुठल्या दिशेची ते आधी बघावं. मुंबईत सूर्य १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधे तो उत्तरेकडे झुकलेला असतो, पण जूनपासून ढग असतात. म्हणजे उत्तरेच्या खिडकीला वर्षात जेमतेम काही आठवडे थेट ऊन. तिथे जास्वंद लावून फुलांची वाट बघण्यात अर्थ नाही. लेडी पाम, ड्रॅसिना किंवा काठीवर चढवलेला मनीप्लांट तिथे टिकतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्या ऊन भरपूर देतात, पण नैर्ऋत्येचा पावसाळी वाराही त्यांच्याच वाट्याला येतो.

अरेका पाम सगळ्यांना हवा असतो. मूळचा मादागास्करचा हा पाम सौम्य उजेडात सुरेख वाढतो, पण एप्रिलच्या पश्चिमेच्या उन्हात त्याची टोकं करपतात. शिवाय त्याला छाटता येत नाही. शेंडा कापला की ते खोड संपलं. जोगेश्वरीच्या उन्हाळी बाल्कनीसाठी पहिली पसंती कुंतीला द्यावी. पानं लहान, दाट, बारमाही. कात्री कितीही चालवा, खालून फुटते. फुलली की वास जिन्यापर्यंत जातो. दुसरी तगर, तितकीच सोशिक आणि देवाला रोज फुलं देणारी. जास्वंद वेगाने वाढते, पण पिठ्या ढेकूण तिच्यावर हमखास येतात, आठवड्याला साबणाच्या पाण्याने पानं धुवावी लागतात. अडुळसा कुणी शोभेसाठी लावत नाही, हे त्याचं दुर्दैव. बादलीत तो चार-पाच फूट सहज जातो आणि खोकल्याच्या दिवसांत कामाला येतो. कढीपत्ता विरळ असतो, पण दोन कुंत्यांच्या मधे एक बसवला तर स्वयंपाकघराचीही मर्जी राखली जाते. कण्हेर मात्र घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

बोगनवेल कमी पाण्यात, कमी मातीत, काटे रोखून उभी राहते. तिचं नाव ज्या फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिलवरून पडलं, त्याच्या १७६६ ते १७६९च्या जगप्रवासात कॉमरसाँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात जान बारे नावाची बाई जहाजावर राहत होती. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल गोळा केली ती याच जोडीने. शेकडो खलाशांच्या गर्दीत आडोसा न मिळता वेष सांभाळणाऱ्या बाईचा या वेलीशी संबंध असावा, हे गमतीचंच.

एका झाडापासून सावध राहावं. ‘झटपट दाट होतं’ म्हणून कोनोकार्पसची रोपं स्वस्तात पुढे केली जातात. मुळांचा आणि परागकणांचा त्रास सांगून गुजरात सरकारने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बादलीत ते काय करणार, असं वाटेल. पण कंटाळा आल्यावर अशी झाडं कुंपणाबाहेर लावली जातात आणि तिथून त्यांचं राज्य सुरू होतं.

रोपं घ्यायला जोगेश्वरीकरांना आरेच्या रस्त्यावरच्या रोपवाटिका जवळ आहेत. हिवाळ्याच्या शेवटी भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं फुलझाडांचं प्रदर्शन भरतं, तिथे झाडं बघून निवडायची सोय होते. स्वस्तात करायचं तर एकच अट: पिशवीतलं हातभर रोप घ्यायचं, माणसाएवढं झाड नाही. पिशवीतली कुंती शंभर रुपयांच्या आसपास मिळते. पाच रोपं, पाच भंगारातल्या बादल्या, कोकोपीटची एक पाच किलोंची वीट (भिजली की साठ-सत्तर लिटर होते) आणि थोडं खत, असं सगळं मिळून दीड हजारांच्या आसपास बसतं. उंच, तयार पाम मोठ्या कुंडीसकट घेतला तर एवढे पैसे एकाच झाडात जातात. पैसे वाचतात त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. हातभर कुंतीला कठड्याच्या वर दोन फूट दाट व्हायला दोन पावसाळे लागतात. तोवर हिरवी जाळी अर्ध्या उंचीपर्यंत लावून ठेवायला हरकत नाही, आणि गोकर्णाच्या बिया टाकल्या तर दोन-तीन महिन्यांत ती जाळीही झाकली जाते.

या दोन वर्षांत लोक सर्वांत मोठी चूक करतात ती झाड वर जाऊ देण्याची. उंची हवी म्हणून शेंडा जपतात, आणि शेवटी वर छत्री, खाली उघडी काडी. जिथून नजर येते नेमकं तिथेच पान नसतं. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडावा. फांद्या फुटून हात-हातभर झाल्या की पुन्हा खुडावा. मन घट्ट करावं लागतं.

पाण्याचं बघायचं ते खालच्या मजल्याच्या नजरेने. बादलीखाली ताटली ठेवली तर पाणी खाली गळत नाही, पण त्याच ताटलीत डेंगीचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला लागतो. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरात येऊन पहिली बघतात ती ही ताटली, आणि अळ्या सापडल्या तर मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ब खाली नोटीस येते. उपाय सोपा आहे: ताटलीत वाळू भरून ठेवावी. जादा पाणी ती धरते, डासाला उघडं पाणी मिळत नाही. उन्हाळ्यात पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी विचारू नये. मुंबईच्या दमट हवेत एसीच्या नळीतून तासाला लिटरभर तरी पाणी पडतं, जवळजवळ क्षारमुक्त. ते गटारात जातं. आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी मात्र रोज घालू नये, त्यातले क्षार बादलीत साठतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात.

दिवाळीनंतर छाटणी करावी. पाऊस संपलेला असतो, झाड रुजलेलं असतं आणि फटाक्यांनंतरची काजळी बसलेली पानंही जातात. तगर, जास्वंद आणि बोगनवेल यांच्या कापलेल्या काड्या टाकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्यायचा, वरची दोनच पानं ठेवायची आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोकोपीट भरून सावलीत खोचायची. थंडीत मुळं सावकाश धरतात, जूनमध्ये लावल्या तर लवकर. कुंती काडीने रुसते, तिच्या लाल फळांतल्या बिया ताज्याच पेराव्या. शेजारच्या बाल्कनीसाठी पुढच्या वर्षीची रोपं अशी आपल्याच घरात तयार होतात, बादल्या तेवढ्या रंगाऱ्याकडे आधी सांगून ठेवाव्यात.